माणसं आधी, स्टेशन नंतर

उल्हासनगर स्टेशन १९५५ साली झालं. त्याच्या सहा वर्षं आधी, ८ ऑगस्ट १९४९ रोजी, तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं होतं. आणि नाव मिळायच्याही आधीपासून लाखभर माणसं इथल्या लष्करी बराकींत दिवस काढत होती. मनमाड, भुसावळ, इगतपुरी ही गावं रेल्वेने वाढवली. आधी स्टेशन, मग चाळी, मग बाजार. इथे क्रम उलटा आहे. माणसं आली, त्यांनी गाव उभं केलं, आणि रूळ दाराशी असूनही तिथे गाडी थांबायला आणखी काही वर्षं जावी लागली.

म्हणून मला हे स्टेशन पाहायचं होतं. ऐतिहासिक स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट येतो, दगडी कमानी येतात, २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत लागलेलं त्याचं नाव आठवतं. उल्हासनगरला घुमट नाही, कमान नाही. पत्र्याचं छप्पर, जिने, तिकिटाच्या खिडक्या आणि माणसं. सरहद्दही इथून शेकडो मैल दूर. पण फाळणीत सरहद्दीपलीकडून निघालेला एक समाज जिथे कायमचा उतरला, ते गाव सीमेवरचंच, असं मी मानते. नकाशातली रेघ राजस्थानात आणि कच्छमध्ये असेल. ती रेघ ज्यांच्या घरातून गेली ती घरं इथे आहेत.

नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने येताना या गावाचं एक टोक आधीच दिसतं. कल्याणच्या अलीकडचं शहाड हे स्टेशन कसारा मार्गावर. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना तिथलाच, आणि उल्हासनगरचा कॅम्प नंबर एकही त्याच्याच शेजारी. गावाचा बाकी पसारा मात्र कर्जत मार्गावर. कल्याणला दोन्ही मार्ग एकत्र येतात आणि त्यांच्या बेचक्यात उल्हासनगर पसरलेलं आहे. महायुद्धाच्या काळात लष्कराने छावणीसाठी हीच जागा का निवडली, ते गाडीच्या खिडकीतूनच कळतं. उत्तरेकडून येणारी फौज एका मार्गाने येणार, दक्षिणेकडून येणारी दुसऱ्या, आणि मुंबईचं बंदर दीड-दोन तासांवर. इथे सैन्य उतरवायचं, थांबवायचं, बोटीची वेळ झाली की हलवायचं. ‘कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’ हे त्याचं सरकारी नाव. पाच कॅम्प होते. ते पाच आकडे आजही गावाच्या तोंडात आहेत. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तो कॅम्पचा आकडा, मग सेक्शन, मग बराक नंबर.

कल्याणला उतरून मी बदलापूर लोकल धरली. सकाळची वेळ. समोरून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांच्या दारांत माणसं लोंबकळत होती, आणि आमच्या डब्यात बसायला खिडकी मिळाली. या मार्गाचं वय पाहिलं तर तो देशातल्या अगदी पहिल्या मार्गांपैकी. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, १ मे १८५४ला ती कल्याणला पोचली, आणि १८५६ साली हा फाटा पळसदरीवरून खोपोलीपर्यंत गेला. पुढे बोरघाट होता. तो चढायला १८६३ साल उजाडलं.

शाळेत आपण पहिल्या गाडीच्या तीन इंजिनांची नावं पाठ करतो: साहिब, सुलतान आणि सिंध. पाठ करून सोडून देतो. त्यातलं तिसरं नाव इंजिनाला का मिळालं असेल? कारण सिंध तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्याचा भाग होता. १८४७पासून १९३६पर्यंत कराची, हैदराबाद, सक्कर, शिकारपूर इथला कारभार मुंबईहून चाले. कराचीच्या कॉलेजातली मुलं मुंबई विद्यापीठाची परीक्षा देत. बोरघाटाचा मार्ग सुरू झाला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर असलेला बार्टल फ्रिअर त्याआधी सिंधचा कमिशनर होता आणि कराचीला रेल्वे व्हावी म्हणून त्याने तिथे असतानाच धडपड केली होती. कराची ते कोटरी ही सिंधमधली पहिली रेल्वे १८६१ साली धावली.

माणसांची ये-जाही होतीच. सिंधमधली पहिली सरकारी शाळा, कराचीतली, १८५५ सालची, आजही एका मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते: नारायण जगन्नाथ हायस्कूल. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षण खात्यात होते. सिंधीसाठी बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी सरकारने १८५३ साली पक्की केली, आणि पुढे १८६८ साली हिंदू व्यापाऱ्यांच्या वापरातल्या खुदाबादी लिपीला वळण लावायचं काम मुंबई सरकारने वैद्यांकडे दिलं. मराठी शाळांतून सिंध शिकवला जातो तो मोहेंजोदडोपुरता. हा पुढचा धागा कुणी हाती घेत नाही, याची मला खंत आहे. १९४८ साली कल्याणला उतरलेली माणसं कुठल्याशा अनोळखी मुलखातून आलेली नव्हती. बारा वर्षांपूर्वीपर्यंत ती आपल्याच इलाख्यातली होती.

विठ्ठलवाडी गेलं आणि उल्हासनगर आलं. बोरीबंदरपासून अठ्ठावन्न किलोमीटर. फलाटावर उतरले तेव्हा माझ्याबरोबर कपड्यांचे गठ्ठे उतरले, रिकामे डबे उतरले, जीन्सच्या कापडाची गुंडाळी खांद्यावर घेतलेला एक मुलगा उतरला. पुलावर उभं राहिलं की गाव दोन्ही अंगांना दिसतं. रुळांनी त्याचे दोन भाग केलेत. पश्चिमेला कॅम्प एक, दोन, तीन. पूर्वेला चार आणि पाच. या पूर्व-पश्चिमेचीही गंमत आहे. मुंबईहून बाहेर पडताना उजव्या हाताला पूर्व, ही रेल्वेची रीत. कल्याणनंतर मार्ग आग्नेयेला वळतो, पण रीत तीच राहते. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत सूर्य संध्याकाळी ‘पूर्वे’कडे कलतो, आणि तिथल्या माणसांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

पश्चिमेला बाहेर पडल्यावर समोरच चांदीबाई कॉलेज. ते चालवणाऱ्या संस्थेच्या नावात अजूनही हैदराबाद आहे, आणि कंसात सिंध. दक्षिणेतल्या हैदराबादशी गल्लत होऊ नये म्हणून तो कंस. १९२२ साली सिंधमधल्या हैदराबादेत नॅशनल कॉलेज निघालं. फाळणीत प्राध्यापक, संस्थाचालक इकडे आले, त्यांनी वांद्र्याला नॅशनल कॉलेज काढलं, मग चर्चगेटला, मग इथे. निर्वासितांनी काय आणलं, असं विचारलं तर लोक दागिने आणि पत्र्याच्या ट्रंका सांगतात. माझ्या मते त्यांनी आणलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही होती: संस्था चालवायची सवय. ट्रंक वाटेत हरवते, लुटली जाते. ही सवय हरवली नाही.

तीन नंबरच्या सेक्शनांमधून हिंडताना बराकी शोधाव्या लागतात. युद्धकाळात इथे दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. मधे लांब दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी त्यांची रचना. त्या दालनात कापड किंवा गोणपाट बांधून कुटुंबाकुटुंबांत आडोसे केले गेले. आज बहुतेक बराकींच्या जागी चार-पाच मजली इमारती आहेत, एकमेकींना खेटून. पण मधेच एखादी गल्ली जरा जास्तच सरळ, जास्तच लांब वाटते. तिथे वर बघायचं. इमारतींच्या मागे उतरत्या छपराचा एखादा तुकडा अजून उभा असतो, खाली दुकान, वर पापड वाळत घातलेले. मी असे तुकडे शोधत बराच वेळ फिरले, आणि प्रत्येक तुकडा सापडला तेव्हा आनंद झाला.

भूक लागली तेव्हा एका लहानशा दुकानात शिरले. दाल-पकवान. मैद्याची कडक तळलेली पुरी, तिच्यावर हरभऱ्याची घट्ट डाळ, चिंचेची चटणी, वर बारीक कांदा. गल्ल्यावर तरुण मुलगा होता आणि त्याच्या बाजूला खुर्चीवर त्याचे आजोबा. “अचो, वेहो,” म्हणत त्यांनी मला समोरचा बाक दाखवला. मी त्यांना दादा म्हटलं, तसं इथे वडीलधाऱ्या सिंधी माणसाला म्हणतात. त्यांनी मला ताई म्हटलं. बोलणं मराठीत सुरू झालं, मधेच हिंदीत गेलं, त्यांना काही आठवलं की सिंधीत जाऊन परत आलं.

“कराचीहून बोटीने आलो,” दादा म्हणाले. “मी सात-आठ वर्षांचा. आधी मंदिरात राहिलो, बोटीची वाट बघत. स्वामीनारायण मंदिर. तिथे लई माणसं. मग बोट. मुंबईला उतरलो, गाडीत बसवलं, कल्याणला उतरवलं. तिथून ट्रक.”

“स्टेशन नव्हतंच ना इथे?”

“कुठलं स्टेशन? नुसते रूळ. गाडी जायची, आम्ही बघायचो. कामधंद्याला जायचं तर रुळाच्या कडेने चालत कल्याण. मी पण जायचो, माझ्या मोठ्या भावासंगती. गोळ्या विकायचो गाडीत. लिमलेटच्या गोळ्या, कंगवे, सुईदोरा. भाऊ बोलायचा, मी नुसता डबा धरायचो.”

सिंधी निर्वासितांच्या पहिल्या काही वर्षांची गोष्ट कुठेही काढा, त्यात हा लोकलचा डबा येतोच. दुकान थाटायला जागा नाही, भांडवल नाही, ओळख नाही. पण गाडीत चढता येतं, आणि गाडीत दर स्टेशनाला नवं गिऱ्हाईक येतं. शिकारपूर आणि हैदराबादचे सिंधी व्यापारी एके काळी मध्य आशियापर्यंत आणि समुद्रापार हुंड्या फिरवत होते. त्यांच्याच मुलखातली मुलं कल्याण-मुंबई गाडीत सुईदोरा विकत होती, आणि कुणापुढे हात पसरत नव्हती. याबद्दल मला अतिशय आदर वाटतो. उल्हासनगरच्या मालाची पुढे खूप टिंगल झाली, सिनेमात झाली, बोलण्यात झाली. टिंगल करणाऱ्यांनी हा डबा धरून उभा असलेला मुलगा एकदा डोळ्यांपुढे आणावा.

सगळेच बोटीने आले नाहीत. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल उसळली, तोवर तग धरून बसलेल्यांचाही धीर सुटला, आणि बंदरावर बोटींसाठी रांगा लागल्या. पण त्याआधीपासून हजारो कुटुंबं रेल्वेने निघाली होती. सिंधमधल्या हैदराबादहून मीरपूर खास, तिथून वाळवंटातून खोखरापार, मग मुनाबाव, बाडमेर, लुणी, मारवाड. हा जोधपूर संस्थानच्या रेल्वेचा मीटर गेज मार्ग. अहमदाबादला गाडी बदलायची, रुंद रुळांवर यायचं, आणि मग मुंबई. खोखरापार तिकडे आणि मुनाबाव इकडे, मधे थोडीशी वाळू. सरहद्दीचं स्टेशन म्हणायचं तर मुनाबावच. १९६५च्या लढाईत हा मार्ग तुटला. चार दशकांनी, १८ फेब्रुवारी २००६ला, थर एक्सप्रेस नावाने जोधपूर-कराची गाडी पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट २०१९मध्ये ती बंद पडली.

दादांना विचारलं, त्या गाडीने गेलात का कधी?

“पासपोर्ट काढला होता. पोरगा म्हणाला, जाऊ. मग त्याच्या आईचं ऑपरेशन निघालं. मग गाडीच बंद.” थोडं थांबून ते म्हणाले, “शाळा बघायची होती. दुसरं काही नाही.”

नातवाने मला आणखी एक पकवान वाढलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. आग्रहाने द्यावे लागले.

पुलावरून पूर्वेला आले. पाच नंबरच्या बाजूला जाताना जीन्स शिवणाऱ्यांचे गाळे लागतात. यंत्रांची घरघर रस्त्यापर्यंत येते. शिवणारे कारागीर आता बहुतांश उत्तर भारतातले आहेत. ज्या गावाने एकदा निर्वासितांना जागा दिली तिथे पोटासाठी येणाऱ्यांची रांग थांबलेली नाही. झूलेलालाच्या देवळात पावसाळ्यात चालिहोचा चाळीस दिवसांचा उपास चालतो तेव्हा हा सगळा भाग उजळतो असं एका दुकानातल्या बाईंनी सांगितलं. मी गेले तेव्हा तो काळ नव्हता. देवळात दोघी-तिघी बसल्या होत्या. झूलेलाल पाण्याचा देव, सिंधू नदीचा. ज्यांचा देव नदीतून आला त्यांच्या वाट्याला इथे वालधुनी आली.

वालधुनीचं दर्शन मी घेतलं, आणि त्याबद्दल मऊ बोलणं मला जमणार नाही. मलंगगडाच्या डोंगरातून उतरणारी ही छोटी नदी अंबरनाथवरून उल्हासनगरात येते आणि कल्याणकडे जाते. कापड रंगवणं, धुणं, रसायनं, सांडपाणी, सगळं वर्षानुवर्षं तिच्या पोटात गेलं. पुलावर नाकाला पदर लावून उभं राहावं लागलं. कष्टाने उभं राहिलेल्या गावाने नदीचा बळी द्यावा, हे त्या कष्टांच्या नावावर खपवता येत नाही. २६ जुलै २००५ला तिने काठ सोडले तेव्हा पाणी याच घरांत शिरलं होतं.

आणखी एक हिशोब आहे. छावणी उभी राहिली ती ओसाड माळावर, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माळ ओसाड दिसतो तो बाहेरून येणाऱ्याला. या पट्ट्यात आगरी आणि कुणबी गावं होती, भातशेती होती, गुरचरण होतं. आशेळे, माणेरे, म्हारळ, शहाड ही गावं आजही उल्हासनगरच्या कडेने आणि पोटात आहेत. पाच नंबरहून रिक्षाने नेवाळी नाक्याला गेलं की ही बाजू समजते. महायुद्धात नेवाळीला ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानांची धावपट्टी केली. युद्ध संपलं, ब्रिटिश गेले, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली, आणि शेतकरी ती परत मागत राहिले. जून २०१७मध्ये तिथे कुंपण घालायचं काम सुरू झालं तेव्हा आंदोलन पेटलं, रस्ते अडवले गेले, पोलिसांच्या गाड्या जळल्या. कित्येक दशकांची मागणी त्या दिवशी बातम्यांत आली आणि पुन्हा विसरली गेली.

नाक्यावर चहाच्या टपरीपाशी एक शेतकरी भेटले. पांढरी टोपी, हातात भाजीची पिशवी. मी उल्हासनगर पाहून आले म्हटल्यावर म्हणाले, “ती मानसं बिचारी घर सोरून आली, त्यांचा काय दोष? पन आमचा पन बापसांचा जमीनजुमला गेला, त्याचा इचार कोन करतंय?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटतं या मुलखाची खरी गोष्ट या दोन वाक्यांत आहे. एकाच युद्धाने आणि त्यामागोमाग आलेल्या फाळणीने दोघांना उठवलं. एकाला शेकडो मैलांवर आणून टाकलं, दुसऱ्याला त्याच्याच शिवारात परकं केलं. सिंधी निर्वासितांची गोष्ट सांगताना हा दुसरा माणूस वगळला तर ती अर्धीच राहते.

तिथून मागे वळून अंबरनाथ. शिवमंदिराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी थोडक्यात सांगते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा. काम त्याच्या आधीच्या छित्तराजाने सुरू केलेलं. भूमिज पद्धतीचं काळ्या पाषाणाचं मंदिर, शिखर भंगलेलं, गाभारा पायऱ्या उतरून खाली. भिंतींवरची एकेक मूर्ती तासभर पाहावी अशी. आणि बाजूला तीच वालधुनी. साडेनऊशे वर्षांपूर्वी शिल्पकारांनी याच पाण्यात हात धुतले असतील. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि तिला उल्हासनगरची सिंधी कुटुंबंही येतात, असं पुजाऱ्यांनी सांगितलं.

अंबरनाथ रेल्वेमुळे वाढलेलं गाव. गेल्या शतकाच्या विशीत इथे विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला, धरमसी मोरारजींचा रसायनांचा आला, स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आली. त्यांचे भोंगे ऐकून कामाला जाणाऱ्या पिढीनंतर आता तिथून मुंबईला कामाला जाणारी पिढी आहे. स्टेशन तेच, गर्दीची दिशा उलटी.

संध्याकाळी बदलापूरला पोचले. उजवीकडे टावलीचा डोंगर, त्याच्यामागे चंदेरीचा सुळका. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ला ९८ हजारांच्या घरात होती, २०११ला ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली, आणि आज फलाटावर उभं राहिलं की ती त्याच्या कितीतरी पुढे गेलीय हे अंगाला कळतं. गिरगाव, परळ, लालबाग, दादर इथून निघालेली मराठी कुटुंबं या गावात आली. गिरण्या बंद झाल्या, चाळी पडल्या, घर परवडेना, म्हणून आली. त्यांना कुणी निर्वासित म्हणत नाही, आणि म्हणूही नये. आगीतून पळून आलेल्याशी त्यांची तुलना होत नाही. पण रोज पहाटे उठून दोन तास उभ्याने जुन्या गावी कामाला जायचं आणि रात्री परत यायचं, यातही एक तुटलेपण आहे.

उल्हास नदी बदलापूरच्या कडेने जाते. २७ जुलै २०१९ला तिच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजाराहून जास्त प्रवासी. बोटींनी त्यांना बाहेर काढलं, आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनी पाणी-खाणं पुरवलं. २० ऑगस्ट २०२४ला शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराने संतापलेले बदलापूरकर याच स्टेशनात तासन्‌तास रुळांवर उभे राहिले होते. या गावांना मोठी मैदानं नाहीत, नाट्यगृहं मोजकी. आनंद असो की संताप, माणसं स्टेशनात येतात. म्हणून इथल्या स्टेशनांकडे फक्त गाडी पकडायची जागा म्हणून बघणं मला अपुरं वाटतं.

परतताना उल्हासनगरला पुन्हा उतरले नाही, पण गाडी थांबली तेवढ्या वेळात खिडकीतून नीट पाहून घेतलं. सकाळी मी दोन्ही फलाट, पूल, तिकिटघर फिरले होते. इथे कोण उतरलं, कुठून आलं, हे सांगणारा फलक मला कुठे दिसला नाही. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम आता हाती घेतलेलं आहे, अंबरनाथ-बदलापूरच्या मधे चिखलोली हे नवं स्टेशन होऊ घातलंय. फलाट हलतील, भिंती पडतील, नव्या होतील. त्यातल्या एखाद्या नव्या भिंतीवर एक मोठा फलक लावायला रेल्वेला आणि महापालिकेला फारसा खर्च नाही. कराचीहून समुद्रमार्ग आणि हैदराबाद-मीरपूर खास-मुनाबाव हा रूळमार्ग त्यावर काढावा. पाचही कॅम्प दाखवावेत. ज्यांच्या शेतांवर छावणी आली त्या गावांची नावं त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावीत, कोपऱ्यात बारीक नकोत. मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर मजकूर सिंधीतही हवा, देवनागरीत आणि बावन्न अक्षरांच्या जुन्या लिपीतही. दाल-पकवानच्या दुकानातल्या दादांना ती लिपी वाचता येते, त्यांच्या नातवाला येत नाही. दादा आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम लवकर व्हायला हवं.